जनरेटर तेराव्या मजल्यावर, पंप तळघरात

ज्यांना ऐकायला निवांत वेळ मिळत नाही आणि जे लोकलमध्ये एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने वाचतात, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलतानाचं 'अं... म्हणजे...' तेवढं काढून टाकलंय, बाकी जवळपास तसंच आहे.

आजचा विषय सांगितला की निम्मे जण स्किप करतील. विषय आहे हॉस्पिटलचा जनरेटर. यात किल्ला नाही, लढाई नाही, कुठला राजाही नाही. पार्किंगच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये नाहीतर लोखंडी डब्यात बसलेलं एक डिझेल इंजिन आहे, ज्याच्याकडे आपण फक्त धूर येतो तेव्हा बघतो. पण त्यालाही इतिहास आहे, आणि त्या इतिहासात माणसं गेलेली आहेत. म्हणून दहा मिनिटं थांबा.

मी स्वतः सॉफ्टवेअरवाला. बीटेक झालं तेव्हापासून दुसऱ्यांचे सर्व्हर बंद पडू नयेत याचा पगार घेतो. आमच्या धंद्यात एक जुना नियम आहे: ज्या बॅकअपवरून डेटा परत आणून बघितलेला नाही, तो बॅकअप आहे असं समजायचंच नाही. वाचताना वाटलं की हा नियम आम्ही शोधला असेल. तसं अजिबात नाही. हॉस्पिटलवाल्यांना तो आमच्या कितीतरी आधी शिकावा लागला आणि त्यांनी मोजलेली किंमत आमच्यापेक्षा फार मोठी होती. गंमत अशी की एकदा शिकून भागलं नाही. पुन्हा पुन्हा शिकावा लागला, आणि दर वेळी थोडा वेगळ्या जागी.

ही गोष्ट सांगायला एक हॉस्पिटल धरून चालूया: न्यूयॉर्कचं बेलव्ह्यू. १७३६ साली सुरू झालेलं, सरकारी, गरिबांचं आणि प्रचंड मोठं. आपल्याकडे केईएम म्हटल्यावर जे डोळ्यापुढे येतं ना, साधारण तसं. हे हॉस्पिटल आपल्या गोष्टीत दोनदा येणार आहे, मध्ये ३५ वर्षांचं अंतर ठेवून.

आधी दहा सेकंदांचा हिशोब

लाईट गेली की घरी काय होतं? इन्व्हर्टर असेल तर पंखा क्षणभर मंदावतो आणि परत फिरायला लागतो. हॉस्पिटलमध्ये भानगड जास्त आहे. तिथे ऑपरेशन टेबलवर कोणाचं तरी पोट उघडलेलं असतं, आयसीयूत कोणीतरी व्हेंटिलेटरवर असतं, काचपेटीत दीड किलोचं बाळ असतं. अमेरिकेतल्या नियमांप्रमाणे जिवाशी संबंधित सर्किटना दहा सेकंदांच्या आत जनरेटरची वीज मिळायला हवी.

त्या दहा सेकंदांत काय काय घडावं लागतं, ते क्रमाने बघा. बाहेरची वीज गेली हे पॅनलला कळलं पाहिजे. पॅनलने इंजिनला सुरू हो म्हणून सांगितलं पाहिजे. इंजिनची बॅटरी चार्ज असली पाहिजे, म्हणजे सेल्फ लागेल. डिझेल इंजेक्टरपर्यंत पोचलं पाहिजे. इंजिनने ठरलेला वेग पकडला पाहिजे. मग चेंजओव्हर स्विचने हॉस्पिटलचा लोड बाहेरच्या लाईनवरून काढून जनरेटरवर टाकला पाहिजे. आणि हे सगळं झाल्यावर खालच्या मोठ्या टाकीतून वरच्या छोट्या टाकीत डिझेल चढत राहिलं पाहिजे, नाहीतर काही तासांत इंजिन गप्प. मधल्या सेकंदांपुरतं यूपीएस आणि यंत्रांच्या आतल्या बॅटऱ्या सांभाळून घेतात, पण त्यांची झेप तेवढीच.

आपल्याकडे या स्वयंचलित पॅनलला एएमएफ पॅनल म्हणतात आणि सगळ्या सेटला मिळून नुसतं 'डीजी'. 'डीजी आहे का?' विचारलं की 'आहे' असं उत्तर येतं. पण आत्ता मोजलेल्या सात गोष्टींपैकी डीजी म्हणजे फक्त इंजिन. बाकीच्या सहांपैकी एक जरी नडली, तरी इंजिन असून नसल्यासारखं. पुढची सगळी गोष्ट या बाकीच्या सहांची आहे.

१९६५: इंजिनच नव्हतं

९ नोव्हेंबर १९६५. मंगळवार. संध्याकाळचे ५ वाजून १६ मिनिटं. कॅनडात नायगाराजवळच्या सर अ‍ॅडम बेक वीजकेंद्रात एक रिले पडला. रिले म्हणजे लाईनवर जास्त भार आला की ती तोडणारा रखवालदार. या रखवालदाराला काही वर्षांपूर्वी जी मर्यादा शिकवली होती, तीच तो धरून बसला होता. दरम्यान विजेची मागणी वाढली होती, लाईन तो भार आरामात नेऊ शकत होती, पण रिलेचा आकडा कोणी बदलला नव्हता. एक लाईन तुटली, तिचा भार शेजारच्या लाईनींवर गेला, त्याही तुटल्या, आणि बारा-पंधरा मिनिटांत न्यूयॉर्कसकट ईशान्य अमेरिकेचा आणि कॅनडाच्या ओंटारियोचा मोठा भाग अंधारात. साधारण ३ कोटी लोक. काही ठिकाणी वीज यायला १३ तास लागले. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत ८ लाख लोक अडकले.

त्या रात्री पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र होता, म्हणून रस्त्यांवर थोडाफार उजेड होता. हॉस्पिटलच्या आत तो कुठून येणार? अनेक हॉस्पिटलांत पुरेशी पर्यायी वीजच नव्हती. टॉर्च आणि मेणबत्त्यांवर काम चाललं.

का नव्हती? निष्काळजीपणा एवढंच उत्तर देऊन सुटता येत नाही. न्यूयॉर्कची वीज जातच नसे. जी गोष्ट जात नाही, तिच्यासाठी कोण पैसे बाजूला काढणार? एवढंच कशाला, वीज कंपनीनेसुद्धा काढले नव्हते. शहराला वीज देणाऱ्या एका अजस्र टर्बाइनचे बेअरिंग त्या रात्री खराब झाले, कारण टर्बाइन थांबताना बेअरिंगना तेल पुरवणारे पंप विजेवर चालायचे आणि वीजच गेली होती. वीज बनवणाऱ्याकडे वीज गेल्यावरची सोय नाही!

आपल्या पिढीला हे विचित्र वाटेल, कारण आपण भारनियमनाच्या काळात वाढलो. शाळेत असताना वेळापत्रक पाठ होतं, आज सकाळी चार तास, उद्या दुपारी. आपल्याकडच्या छोट्या दवाखान्यांनीही त्यामुळे इन्व्हर्टर, डीजी जे परवडेल ते घेतलं. वीज जाण्याची सवय हा एक प्रकारे आपला फायदा होता. पण सवयीचा एक तोटा पण असतो, तो शेवटी बघू.

१९७७: इंजिन होतं, चाललं नाही

१९६५ नंतर हॉस्पिटलांच्या आणीबाणीच्या विजेबद्दल नियम कडक होत गेले. इंजिनं आली. मग उजाडला १३ जुलै १९७७. रात्री साडेनऊच्या सुमारास, विजा कडाडून लाईनी तुटत गेल्या आणि न्यूयॉर्क पुन्हा अंधारात गेलं. या वेळी जवळपास २५ तास. ही रात्र लोकांना लक्षात आहे ती लुटालुटीसाठी, जाळपोळीसाठी. हॉस्पिटलांत मात्र वेगळंच काहीतरी चाललं होतं.

बेलव्ह्यूमध्ये जनरेटर होते, पण ते चालले नाहीत. डॉक्टर आणि नर्स रुग्णांच्या तोंडावर मास्क धरून हाताने हवेची पिशवी दाबत बसले. आपल्या हॉस्पिटलांत जिला अंबू बॅग म्हणतात तीच पिशवी. एकदा दाबली की एक श्वास. पाच-सहा सेकंदांनी पुन्हा. मिनिटाला दहा-बारा, तासाला सहाशे-सातशे. हात भरून आला की दुसऱ्याने घ्यायची. एक रुग्ण जगवायला एक माणूस पूर्ण अडकतो, आणि तो माणूस दुसरं काही करू शकत नाही.

ब्रुकलिनच्या ज्यूइश हॉस्पिटलमध्येही जनरेटर बंद पडला. तिथल्या डॉक्टरांनी जखमींना बाहेर पार्किंगमध्ये आणून फ्लडलाईटच्या उजेडात टाके घातले.

१९६५ आणि १९७७ मधला फरक नीट बघा. पहिल्या रात्री यंत्र नव्हतं, म्हणजे आपल्याकडे काही नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या रात्री यंत्र होतं, म्हणून सगळे निर्धास्त होते. माझ्या मते दुसरी अवस्था जास्त धोक्याची. काही नसेल तर माणूस टॉर्च जवळ ठेवतो. आहे असं वाटलं की टॉर्चचे सेलसुद्धा बघत नाही.

टेस्ट म्हणजे नुसतं फिरवणं नव्हे

इथे आपल्या गोष्टीत एक कंटाळवाणं पुस्तक येतं आणि मला ते मनापासून आवडतं. अमेरिकेत नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन नावाची संस्था आहे, १८९६ पासून. आगीपासून संरक्षणाचे नियम लिहिणं हे तिचं काम. १९८५ मध्ये तिने आणीबाणीच्या विजेसाठी एक मानक स्वीकारलं, एनएफपीए ११०. त्यात यंत्र कसं बसवायचं हे तर आहेच, पण ते बसवल्यावर पुढची वीस-पंचवीस वर्षं त्याच्याशी कसं वागायचं हेही आहे.

आज हे मानक काय सांगतं ते थोडक्यात. दर आठवड्याला बघणी: तेल, पाणी, बॅटरी, गळती. दर महिन्याला इंजिन किमान ३० मिनिटं चालवायचं, आणि तेही त्याच्या क्षमतेच्या किमान ३० टक्के लोडवर, नाहीतर धुराचं तापमान कंपनीने सांगितलेल्या पातळीपर्यंत गेलं पाहिजे. चेंजओव्हर स्विचही दर महिन्याला खरोखर फिरवून बघायचा. महिन्याच्या टेस्टमध्ये एवढा लोड मिळत नसेल, तर वर्षातून एकदा बाहेरून लोड बँक आणायची. लोड बँक म्हणजे मोठमोठे हीटर समजा, जे जनरेटरची वीज नुसती खातात. तिच्यावर आधी अर्ध्या तासासाठी ५० टक्के आणि मग तासभर ७५ टक्के लोड द्यायचा. आणि हॉस्पिटलसारख्या ठिकाणी दर ३६ महिन्यांनी एकदा सलग चार तासांपर्यंतची टेस्ट.

हे आकडे उगाच आलेले नाहीत. ३० टक्क्यांचंच घ्या. डिझेल इंजिन कष्टाळू बैलासारखं असतं, रिकामं उभं केलं की बिघडतं. लोड नसताना ते पुरेसं तापत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही, आणि न जळलेलं डिझेल व काजळी मिळून काळा चिकट राब इंजेक्टरवर, सायलेन्सरच्या नळीत साठत जातो. म्हणजे दर आठवड्याला रिकामं दहा मिनिटं फिरवणारा माणूस टेस्ट करतोय असं त्याला वाटतं, पण खरं तर तो इंजिन हळूहळू खराब करत असतो. आमच्या सोसायटीत लिफ्टचा डीजी दर शनिवारी असाच फिरतो. वॉचमनकाका वहीत 'डीजी ओके' लिहितात आणि तेही प्रामाणिकपणे लिहितात, कारण आवाज तर येतोच. पण आवाज येणं आणि ओझं उचलणं यात फरक आहे.

मग डिझेल. टाकीत महिनोन्‌महिने पडलेलं डिझेल हे ताजं डिझेल राहत नाही. हवेतला दमटपणा टाकीच्या भिंतीवर थेंब होऊन आत उतरतो आणि तळाशी पाणी साचतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जंतू वाढतात आणि गाळ बनतो. दहा मिनिटांच्या टेस्टमध्ये तो तळाशी शांत पडून असतो. खरी वेळ आली, इंजिन तासन्‌तास चाललं, टाकीची पातळी खाली गेली, की तोच गाळ फिल्टरमध्ये जाऊन बसतो. म्हणून चार तासांची टेस्ट.

आणि बॅटरी. ऐन वेळी जनरेटर सुरूच न होण्यामागे सर्वांत नेहमीचं कारण कोणतं? लाखो रुपयांचं इंजिन नव्हे, तर काही हजारांची बॅटरी.

पण टेस्ट कोणाला नको असते?

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. खरी टेस्ट करायची म्हणजे चालू हॉस्पिटलची बाहेरची वीज मुद्दाम तोडायची. ऑपरेशन थिएटरला आधी कळवायचं, आयसीयूत प्रत्येक व्हेंटिलेटरची बॅटरी बघायची, लिफ्टमध्ये स्ट्रेचर नाही ना याची खात्री करायची. टेस्टमध्येच काही बिघडलं तर? उद्या येईल की नाही माहीत नसलेल्या संकटासाठी आजचा रुग्ण धोक्यात घालायचा का?

नेटफ्लिक्सने आपले चालू सर्व्हर मुद्दाम पाडणारा 'केऑस मंकी' नावाचा प्रोग्रॅम बनवला, तेव्हा आमच्या धंद्यात केवढं कौतुक झालं. पण तिथे फसलं तर कोणाची तरी सीरियल अडकते. हॉस्पिटलच्या इलेक्ट्रिशियनला तो स्विच ओढताना जे वाटतं, ते आम्हा लोकांना कधी वाटणार नाही. म्हणूनच टेस्ट रविवारी पहाटे होते, लोड न देता होते, 'पुढच्या महिन्यात बघू' होते. याला मी आळस म्हणणार नाही. ती भीती आहे, आणि भीती खोटीही नाही. फक्त त्या भीतीची किंमत दुसऱ्या कुठल्यातरी रात्री, दुसऱ्या कुठल्यातरी रुग्णाला द्यावी लागते. लेखी नियम आणि ठरलेली तारीख यासाठीच हवी: 'आज टेस्ट करू का नको' हे ओझं एका माणसाच्या खांद्यावर राहत नाही.

२००१ आणि २००५: इंजिन वर, स्विच खाली

इतकं सगळं शिकल्यावर तरी प्रश्न सुटायला हवा होता. मग गोष्टीत पाणी आलं.

जून २००१. अ‍ॅलिसन नावाच्या वादळाने ह्यूस्टनमध्ये इतका पाऊस पाडला की तिथलं टेक्सास मेडिकल सेंटर पाण्यात गेलं. मेमोरियल हर्मन हॉस्पिटलला पाचशेहून जास्त रुग्ण दुसरीकडे हलवावे लागले. तिथे जनरेटर पाण्याच्या वर होते, पण त्यांची वीज वाटून देणारी यंत्रणा तळघरात होती आणि ती बुडाली.

आता २००५. २६ जुलै आपल्याला सांगायला नको. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. ज्यांनी तो दिवस पाहिला त्यांना उपनगरांत दिवसेंदिवस न आलेली लाईटही आठवत असेल, कारण तळमजल्यावरची मीटरं, सबस्टेशनं पाण्यात होती. त्यानंतर महिन्याभराने, २९ ऑगस्टला, कॅटरिना वादळ न्यू ऑर्लिन्सवर आदळलं.

तिथल्या मेमोरियल मेडिकल सेंटरची वीज गेली, जनरेटर सुरू झाले. म्हणजे टेस्टमध्ये पास. पुढे शहराचे बांध फुटले आणि पाणी चढू लागलं. या हॉस्पिटलमध्ये आणीबाणीची वीज फिरवणारे काही स्विच जमिनीपासून जेमतेम काही फूट उंचीवर होते. ३१ ऑगस्टच्या पहाटे दोनच्या सुमारास सगळं बंद पडलं. व्हेंटिलेटर बॅटरीवर गेले, मग बॅटऱ्या संपल्या. पुन्हा हाताने पिशव्या दाबणं. लिफ्ट बंद, त्यामुळे रुग्णांना अंधाऱ्या जिन्यांवरून उचलून हेलिकॉप्टरपर्यंत नेणं. आत असह्य उकाडा. पाणी ओसरल्यावर तिथे ४५ मृतदेह सापडले. त्यातल्या काही मृत्यूंवरून एका डॉक्टरवर आणि दोन नर्सवर गंभीर आरोप झाले, २००७ मध्ये ग्रँड ज्युरीने खटला चालवायला नकार दिला. शेरी फिंक या पत्रकार-डॉक्टर बाईंनी यावर 'फाइव्ह डेज अ‍ॅट मेमोरियल' हे पुस्तक लिहिलं, त्याची वेब सीरिज तुमच्यापैकी काहींनी बघितलीही असेल.

त्या सीरिजवर लोक भांडतात ते डॉक्टर बरोबर का चूक यावर. मला मात्र ती चर्चा फार उशिराची वाटते. ज्या दिवशी ते स्विच काही फूट उंचीवर बसवले आणि नंतर तिथेच राहू दिले, त्याच दिवशी पुढच्या डॉक्टरांसमोरचे चांगले पर्याय संपायला सुरुवात झाली होती.

२०१२: बेलव्ह्यू, पुन्हा

आता परत आपल्या हॉस्पिटलकडे. २९ ऑक्टोबर २०१२, सँडी वादळ. ईस्ट नदीचं पाणी मॅनहॅटनमध्ये शिरलं. बेलव्ह्यू नदीच्या अगदी जवळ आहे, आणि त्याच्या शेजारीच न्यूयॉर्क विद्यापीठाचं लँगोन हॉस्पिटल.

लँगोनची वीज आणि मग पर्यायी वीजही गेली. तीनशेहून जास्त रुग्ण त्या रात्री हलवले. त्यात नवजात बाळांच्या आयसीयूतली २० बाळं होती. नर्सेसनी एकेक बाळ छातीशी धरून, काहींना चालता चालता हाताने श्वास देत, नऊ मजले जिन्याने खाली आणलं.

बेलव्ह्यूमध्ये जनरेटर कुठे होते? तेराव्या मजल्यावर. पाणी तिथे शंभर वर्षांत पोचणार नाही. पण डिझेलची मोठी टाकी आणि डिझेल वर चढवणारे पंप तळघरात होते. तळघरात लाखो गॅलन पाणी भरलं आणि पंप बुडाले. वर धडधाकट इंजिन, खाली भरपूर डिझेल, मध्ये तेरा मजले.

मग माणसांनीच पंपाचं काम केलं. हॉस्पिटलचे कर्मचारी आणि नॅशनल गार्डचे जवान जिन्यात रांगेने उभे राहिले आणि डिझेलचे डबे हातोहात तेराव्या मजल्यावर चढवत राहिले. आयसीयूत पन्नासच्या आसपास रुग्ण होते, आणि तिथल्या प्रमुख डॉक्टरांना सांगण्यात आलं होतं की जनरेटर पडला तर तुमच्यासाठी चालू राहतील असे प्लग मोजून सहा. पन्नासांतून सहा निवडायचे! त्या डॉक्टरांनी यादी करायला घेतली. जिन्यातली रांग टिकली, इंजिन चालू राहिलं, म्हणून ती यादी तशी वापरावी लागली नाही. पण हॉस्पिटल चालवणं शक्य नव्हतं. सुमारे सातशे रुग्णांना दुसरीकडे नेलं. २७६ वर्षांत पहिल्यांदा बेलव्ह्यू रिकामं झालं, ते पूर्ण सुरू व्हायला फेब्रुवारी २०१३ उजाडला.

'पंप तळघरात ठेवणारे मूर्ख होते' असं म्हणून हसायचा मोह होईल. हसू नका. हजारो लिटर डिझेल रुग्णांच्या डोक्यावर साठवणं हा आगीचा धोका आहे, म्हणून मोठी टाकी खालीच ठेवावी हा शहाणपणाचाच नियम. आगीपासून वाचवणाऱ्या नियमाने टाकी खाली नेली, पुरापासून वाचवणाऱ्या विचाराने इंजिन वर गेलं. दोन्ही बरोबर. मधल्या पाइपाकडे बघणं मात्र राहून गेलं. मासिक टेस्ट हा प्रश्न पकडूही शकत नव्हती, कारण तळघर कोरडं असताना पंप उत्तम चालतो. त्यासाठी एकच प्रश्न विचारावा लागतो: ज्या संकटात याची गरज पडेल, त्याच संकटात यातलं काय काय बंद पडेल?

१९६५ मध्ये इंजिन नव्हतं. १९७७ मध्ये चाललं नाही. २००१ आणि २००५ मध्ये स्विच बुडाले. २०१२ मध्ये पंप. प्रत्येक वेळी मागच्या खेपेचं भोक बुजवलं, आणि पाणी शेजारच्या भोकातून आलं.

आणि आपल्याकडे

डिसेंबर २०१५. चेन्नईत अड्यार नदीला पूर आला. नदीकाठच्या एका मोठ्या खासगी हॉस्पिटलात पाणी शिरलं, जनरेटर बंद पडले. त्या दिवसांत तिथल्या १८ रुग्णांचा मृत्यू झाला. कोण कशाने गेलं यावर हॉस्पिटल आणि सरकार यांच्यात वाद झाला. जनरेटर जमिनीवर होते आणि नदी शेजारी होती, एवढं मात्र वादापलीकडचं.

१२ ऑक्टोबर २०२०. कोविडचा काळ, आयसीयू भरलेले. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि आसपासची वीज गेली. लोकल जागच्या जागी उभ्या. बाहेरचं ग्रिड कोसळलं तरी मुंबई वेगळी होऊन चालू राहावी अशी व्यवस्था शहराकडे १९८०च्या दशकापासून आहे, ती त्या दिवशी टिकली नाही. महापालिका आयुक्तांनी हॉस्पिटलांना किमान आठ तास पुरेल इतकं डिझेल ठेवायला सांगितलं. बहुतेक ठिकाणी जनरेटरनी काम केलं, आणि ते कोणी केलं हे बातम्यांत आलं नाही. पण त्याच संध्याकाळी मुलुंडच्या एका खासगी हॉस्पिटलात जनरेटरला आग लागली. रुग्णांना घाईघाईने हलवावं लागलं, त्यात एक वृद्ध रुग्ण दगावला.

मघाशी म्हटलं होतं ना, सवयीचा तोटा सांगतो म्हणून. तो हा. रोज चार तास लाईट जायची तेव्हा डीजीची रोजच टेस्ट व्हायची, तीही खऱ्या लोडवर. ठरवून नाही, नाइलाजाने. बॅटरी मेली तर त्याच दिवशी कळायचं. आता शहरांत लाईट क्वचित जाते, चांगलीच गोष्ट आहे, पण ती फुकटची टेस्ट बंद झाली. आता ती ठरवून करावी लागते. हॉस्पिटलांना मानांकन देणारी आपली एनएबीएचसुद्धा पर्यायी वीज आहे का एवढ्यावर थांबत नाही, ती नियमित तपासता का हेही विचारते. आपण हळूहळू १९६५च्या न्यूयॉर्कसारखे होत चाललोय, जिथे वीज जातच नाही.

तुमच्यापैकी कोणी छोट्या नर्सिंग होममध्ये काम करत असेल, कोणाच्या मावशी-काकांचं हॉस्पिटल असेल, कोणी तिथे मेंटेनन्सला असेल. त्यांनी उद्या जाऊन पाच प्रश्न विचारा. शेवटची टेस्ट खऱ्या लोडवर कधी झाली? सलग किती वेळ चालवला? बॅटरी कधी बदलली? डिझेल शेवटचं कधी तपासलं? आणि टाकीतून इंजिनपर्यंत डिझेल कोण चढवतं, त्याला वीज कुठून मिळते, आणि पाऊस आला तर तो कुठे असेल? पहिल्या चार प्रश्नांची उत्तरं वहीत मिळतील. पाचव्यासाठी वही मिटून स्वतः जिना उतरावा लागेल.

आणि जाता जाता, त्या शेडमध्ये कानाला फडकं बांधून लॉगबुक भरणारा जो माणूस आहे ना, त्याला चहा पाजा. त्याचं काम नीट झालं तर त्याचं नाव कधीच कोणाला कळत नाही.

भाग आवडला तर हॉस्पिटलमध्ये काम करणाऱ्या एका तरी ओळखीच्याला पाठवा. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या.